पीटनं एक नाव घेतलं

‘द इन्व्हिजिबल’ या २००७ सालच्या अमेरिकन सिनेमात सुरुवातीच्या भागात एक प्रसंग येतो. पीट नावाच्या भित्र्या पोराला एक टोळकं गाठतं, बडवतं आणि विचारतं, पोलिसांना आमची खबर कुणी दिली? पीटनं दिलेली नाही. कुणी दिली हेही त्याला ठाऊक नाही. पण मार थांबायला हवा आणि त्यासाठी एक नाव लागतं. तो निकचं नाव सांगून टाकतो. निक त्याचा जिवलग मित्र. मग त्याचंच नाव का? तर पीटच्या हिशोबानं निक त्या घटकेला लंडनच्या विमानात आहे. जो कुणाच्या हाती लागणारच नाही, त्याच्या नावावर खपवलं तर बिघडलं कुठं?

निक विमानात बसलेलाच नाही. आईला न सांगता लंडनचं तिकीट काढणारा हा मुलगा ऐन वेळी थांबतो, एका पार्टीला जातो आणि रात्री एकटाच चालत घरी निघतो. वाटेत टोळकं त्याला पकडतं, रानात नेतं आणि इतकं मारतं की तो मेलाच असं सगळ्यांना वाटतं. देह तिथल्याच एका गटारात ढकलून सगळे पसार होतात. दुसऱ्या दिवशी निक नेहमीसारखा शाळेत जातो. वर्गात बोलतो, कुणी उत्तर देत नाही. समोर उभा राहतो, कुणाची नजर त्याच्यावर थांबत नाही.

हे बघताना मी अक्षरशः पुढं सरकून बसले होते. मी साताऱ्यात अकरावी-बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवते आणि पीटनं जे केलं ते मी वर्गात, प्रॅक्टिकलच्या तासाला, व्हरांड्यात पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. मायक्रोस्कोपची लेन्स फुटलेली सापडते. कुणी फोडली विचारलं की आधी सगळे गप्प. आवाज जरा चढवला की मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘मॅडम, त्यानं फोडली, तो आज आलेला नाही.’ नाव नेहमी गैरहजर मुलाचं. सांगणाऱ्याच्या मनात त्या मुलाबद्दल आकस नसतो, बहुतेक वेळा तो त्याचा चांगला दोस्तच असतो. त्याला फक्त ती घटका टळायला हवी असते. जो समोर नाही त्याला लागणार नाही, असं त्या वयात खरोखर वाटतं. दुसऱ्या दिवशी तो गैरहजर मुलगा येतो, आपल्याकडे सगळे असे का बघताहेत ते त्याला कळत नाही, आणि नाव सांगणारा वहीत डोकं घालून बसतो. त्या वाकलेल्या मानेकडे बघितलं की मला शिक्षा करण्याचं बळच राहत नाही.

म्हणून मला वाटलं, हा सिनेमा आता त्या मानेकडे बघणार. एका घाबरलेल्या पोराच्या तोंडून एक नाव निघालं आणि त्या नावाचा धनी आता अशरीर होऊन त्या पोराच्याच घरात, त्याच्याच खाटेपाशी उभा आहे. खोटं बोलणाऱ्याला तो दिसत नाही, पण त्याला मात्र सगळं दिसतंय. यापेक्षा भयंकर गोष्ट कुठली? रक्त नको, किंकाळ्या नकोत, दारं आपटायला नकोत. दोन मित्र एका खोलीत, आणि त्यातल्या एकालाच माहीत आहे की खोलीत दोघं आहेत.

सिनेमानं हे हातात घेतलं आणि सोडून दिलं. माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

आधी जे जमलंय ते सांगते, कारण ते थोडं नाही. कथा सिएटलच्या परिसरात घडते, चित्रीकरण व्हँकूवरकडचं आहे. ओलं रान, राखाडी उजेड, शेवाळलेली झाडं, सगळीकडे एक थंड दमटपणा. गॅब्रिएल बेरिस्टेन यांच्या कॅमेऱ्यानं हे फार छान टिपलंय. आपण बघत असतो ती मोठी स्वच्छ घरं आणि शाळेचे व्हरांडे, पण डोक्यातून ते गटार जात नाही. तिथं एक मुलगा अजून श्वास घेतोय. निक मेलेला नाही, हे त्याला स्वतःलाच मरणाच्या दारात असलेल्या एका पक्ष्यामुळं उमगतं. तो ना इथला, ना तिथला. देह सापडला तर वाचेल, नाही सापडला तर संपेल. म्हणजे हा सिनेमा सूडाचा नाही, शोधाचा आहे. आपण मुंजाच्या गोष्टी ऐकत वाढलो. मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला पोरगा पिंपळावर बसतो आणि त्याचं काहीतरी राहून गेलेलं असतं, ते त्याला हवं असतं. निकला कुणाकडून काही नको आहे. मला शोधा, एवढंच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची याहून खरी मागणी मला सुचत नाही.

त्याच्या अशरीर असण्याचा एक नियमही दिग्दर्शकानं नेमका घालून दिलाय. निक चिडून वस्तू फेकतो, फोडतो, माणसाला ढकलतो, आणि पुढच्याच दृश्यात ती वस्तू जागच्या जागी असते, माणूस जसाच्या तसा उभा असतो. त्याच्या रागाचा जगावर ओरखडाही उमटत नाही. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा पोटात कालवलं. घरी-दारी कितीही आदळआपट केली तरी कुणी ढुंकून बघत नाही, हा अनुभव त्या वयातल्या कितीतरी मुलांचा असतो, आणि तो इथं एकही शब्द न बोलता आला आहे. पण मग हीच युक्ती इतक्यांदा येते की धक्का जाऊन सवय होते. आता हे पण परत जागेवर जाणार, हे आपल्याला आधीच कळतं. भुताच्या गोष्टीत नियम असावाच लागतो, पण त्या नियमातून दर वेळी नवं काहीतरी घडायला हवं. इथं तो आहे तिथंच थांबतो.

दिग्दर्शक डेव्हिड गोयर. क्रिस्टोफर नोलनबरोबर ‘बॅटमॅन बिगिन्स’ची पटकथा लिहिणारा हा माणूस, त्यामुळं अपराध आणि भीती यांचं नातं त्याला नवं नाही. सिनेमा आला ‘हॉलिवूड पिक्चर्स’ या डिस्नेच्या छापाखाली. ‘द सिक्स्थ सेन्स’ १९९९ मध्ये याच छापाखाली आला होता. मेलेल्या माणसाच्या डोळ्यांनी जिवंतांचं दुःख कसं दाखवायचं, याचा धडा घरातच होता. एप्रिल २००७ च्या शेवटी सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा ‘डिस्टर्बिया’ हा त्याच वयाच्या प्रेक्षकांचा थरारपट आधीपासून जोरात चालू होता. ‘द इन्व्हिजिबल’नं तिथं सुमारे २ कोटी डॉलर मिळवले आणि विषय संपला. आकड्यांशी मला फार देणंघेणं नाही. पण सिनेमा बघताना जाणवत राहतं की बनवणाऱ्यांना आपलीच गोष्ट पुरेशी वाटलेली नाही. तिला थरारपट करा, तिला प्रेमकथा करा, अधूनमधून गाणी वाजवा. प्रत्येक वेळी आतल्या गोष्टीचा थोडा थोडा जीव जातो.

आता ॲनीबद्दल. ॲनी न्यूटन म्हणजे त्या टोळक्याची म्होरकी. पीटला मोबाइलच्या पैशांवरून छळणारी तीच. दागिन्यांचं दुकान फोडणारी तीच. निकला मारणारीही तीच. पोलिसांना खबर दिलेली असते तिच्याच मित्रानं, मार्कसनं, आणि तिला हे माहीत नसतं. मार्गारिता लेविएवा ही भूमिका करते आणि सिनेमातलं सगळ्यात चांगलं काम तिचं आहे. ती मूळची रशियातली, लहानपणी स्पर्धांमध्ये उतरणारी जिम्नॅस्ट. ते शरीर तिनं इथं असं वापरलंय की ॲनी उभी असते तेव्हाही कुठल्या दिशेनं पळायचं हे तिनं ठरवून ठेवलंय असं वाटतं. अर्धं कपाळ झाकणारी काळी लोकरीची टोपी, सैल जाकीट, जबडा आवळलेला. घरी वडील आहेत पण नसल्यासारखे, आणि एक धाकटा भाऊ, व्हिक्टर. त्या भावाशी बोलताना तिचा आवाज बदलतो. एवढ्या दोन-चार क्षणांत लेविएवा सांगून जाते की ही मुलगी वाईट कशी झाली आणि कुठं अजून झालेली नाही.

अशी मुलगी मला ओळखीची आहे. प्रत्येक तुकडीत एखादी असते. शिक्षक तिच्याशी फक्त ओरडण्यापुरतं बोलतात आणि पालकसभेला तिचं कुणी येत नाही. तिच्याबद्दल सिनेमाला काही म्हणायचं होतं हे स्पष्ट आहे. निकला शोधू शकेल अशी व्यक्ती एकच, त्याला मारणारी. मधूनच तिलाच त्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. ज्यानं जखम केली त्याच्याच हातात औषध, ही कल्पना फार मोठी आहे.

आणि मग ती टोपी निघते. ॲनी एका क्लबमध्ये जाते, टोपी काढते, केस मोकळे सोडते आणि नाचू लागते. निक तिच्याकडे बघत राहतो. कॅमेराही बघत राहतो. त्या नजरेचा अर्थ सरळ आहे, अरे, ही तर सुंदर आहे. इथून पुढं सिनेमा ॲनीच्या बाजूचा होतो. माझा संताप झाला तो इथं. ती आपल्या भावासाठी धडपडते म्हणून तिच्याकडे वळा, चालेल. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली म्हणून वळा, फारच चालेल. पण केस लांब आहेत म्हणून? ज्या मुलीनं दिसण्याची भाषाच नाकारली होती, तिला माफी मिळवायला आधी देखणं व्हावं लागलं. पुढं निक आणि ॲनीमध्ये जी ओढ दाखवली आहे ती मला शेवटपर्यंत पटली नाही. काल रात्री आपल्याला मरेस्तोवर मारलेल्या मुलीबद्दल वाटावं असं कितीतरी असू शकतं, राग, कुतूहल, कीव, एक प्रकारची विचित्र जवळीकसुद्धा. सिनेमानं त्यातून सर्वांत सोपं तेवढं उचललं.

निकची आई डायन हे काम मार्शिया गे हार्डननं केलंय. ‘पोलॉक’साठी ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री. नवरा गेल्यावर या बाईनं दुःख आवरून, घडी घालून कपाटात ठेवलंय आणि मुलाचं आयुष्यही तसंच घडी घालून ठेवायला निघालीय. मुलगा बेपत्ता झाल्यावर ती कोसळते आणि मुलगा हाताच्या अंतरावर उभा राहून ते बघतो. आई आपल्यासाठी रडू शकते, हे त्याला कळायला अशी वेळ यावी लागली. मी शाळा-कॉलेजात इतक्या आया पाहिल्या आहेत, मार्कशीट हातात धरून ताठ उभ्या असलेल्या, पोराच्या खांद्यावर हात ठेवायला बिचकणाऱ्या. हार्डनचा चेहरा बघताना त्या सगळ्या आठवल्या. तिला आणखी चार प्रसंग द्यायला हवे होते. तिच्या वाट्याला येतं ते पोलीस तपासाच्या फटीत बसेल तेवढंच.

हा सिनेमा मुळात स्वीडनचा. मॅट्स वाल यांची ‘डेन ओस्यून्लिगे’ ही कादंबरी, त्यावर जोएल बेरियवाल आणि सिमोन सँडक्विस्ट यांचा २००२ चा स्वीडिश सिनेमा, आणि त्यावरून हा अमेरिकन. कादंबरीत हिल्मर एरिक्सन नावाचा मुलगा शाळेत येतो आणि आपण कुणाला दिसत नाही हे त्याला कळतं. फॉर्स नावाचा पोलीस अधिकारी त्याचा शोध घेतो आणि मारहाणीमागे नवनाझी विचारानं भारलेली पोरं आहेत हे उघड होत जातं. म्हणजे तिथल्या हिंसेला एक पत्ता होता. हे विष गावातल्या पोरांच्या डोक्यात कुठून आलं, मोठ्यांनी ते येताना पाहिलं का, शाळेनं काय केलं, असे प्रश्न त्यातून उभे राहतात. अमेरिकेत पोचेपर्यंत त्या जागी चोरीचे दागिने आणि टोळीतला दगा आला. हिंसा उरली, तिचं कारण लहान झालं. गोष्ट दुसऱ्या देशात नेताना तपशील बदलणारच, त्याला माझी हरकत नाही. पण अमेरिकेतल्या शाळांमध्ये पोरं पोरांना मारतात यामागं काहीच नव्हतं का? एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी केलेला गोळीबार झाला होता. आणि हा सिनेमा लागण्याच्या जेमतेम अकरा दिवस आधी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या गोळीबारात ३२ जण मारले गेले होते. त्या समाजात बसून ही गोष्ट सांगायची आणि मुलं इतकी क्रूर का होतात याकडे पाठ फिरवायची, हे मला कळत नाही.

आणि पीट. ख्रिस मार्केटनं त्याचं काम केलंय, घाबरट, जरासा लाचार, डोळे सतत कुणाचा तरी आधार शोधणारे. मित्र गटारात पडला आहे हे त्याला माहीत आहे. तो जिवंत असेल असं त्याला वाटत नाही, पण पोलीस, निकची आई, शाळा, सगळ्यांसमोर त्याला रोज तोंड न उघडता वावरायचं आहे. शेवटी तो गोळ्या खातो. हा प्रसंग ज्या घाईनं उरकलाय त्यानं मला खरंच वाईट वाटलं. शाळकरी मुलगा जीव द्यायला निघतो आणि सिनेमा त्याचा उपयोग कथानकाची गाडी पुढं ढकलायला करतो. अशी बातमी कॉलेजात येते तेव्हा काय होतं ते मी बघितलंय. हजेरी घेताना त्या नंबरापाशी जीभ अडखळते. बाकी मुलं एकमेकांकडे बघत नाहीत. कुणाला काय माहीत होतं, कुणी काय बोललं होतं, हे महिनोन्महिने हळूहळू बाहेर येतं. या विषयाला हात घालायचा तर थांबून घालावा, नाहीतर घालू नये.

बाकी शेवटचा भाग म्हणजे धावाधाव आहे. देह हलवला जातो, धरण येतं, पिस्तुलं निघतात, मार्कस खलनायकासारखा वागतो. अ‍ॅलेक्स ओलॉफलिननं तो जमेल तेवढा बरा केलाय. मी या भागाबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं त्यात काही नाही. ॲनी गोळी लागलेल्या अवस्थेत निकपाशी पोचते, त्याच्या शेजारी आडवी होते, तो शुद्धीवर येतो आणि ती जाते. मरून तिनं सगळं फेडलं, असा हिशेब. मला हा हिशेब मान्य नाही. मरणं ही सुटका झाली. ॲनी जगली असती तर? निकच्या आईसमोर उभी राहिली असती तर? निक बरा होऊन शाळेत आला असता आणि पीटच्या शेजारच्या बाकावर बसला असता तर? त्या बाकावरच्या शांततेत काय असतं, हे बघायला मी आणखी दोन तास बसले असते. सिनेमा निकला व्हिक्टरकडे पाठवतो, ते चांगलंच आहे. पीटचं पुढं काय, यात मात्र त्याला फारसा रस नाही.

हा सिनेमा मला दाखवला माझ्या भाचीनं. ती दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आली होती आणि ‘मावशी, तू बघच, तुला आवडेल’ म्हणून मागंच लागली. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती क्लबच्या प्रसंगावर अडून बसली. तिचं म्हणणं, ॲनी तिथं कुणासाठी सुंदर होत नाही, तिला वाटतं तिला कुणी बघत नाही म्हणून ती टोपी काढते, आणि जिथं कुणी बघत नाही तिथंच ती नीट श्वास घेते. मी म्हटलं, पण कॅमेरा बघतोय ना, आणि तो निकच्या डोळ्यांनी बघतोय. ती म्हणाली, तो तुझा प्रॉब्लेम दिग्दर्शकाशी आहे, ॲनीशी नाही. हे तिचं बरोबर आहे. मग आम्ही तो प्रसंग पुन्हा लावला. लेविएवाच्या चेहऱ्यावर भाची म्हणते ते दिसतं, आणि कॅमेरा मी म्हणते तेच करतो. तिचं मत बदललं नाही, माझंही नाही. पीटच्या बाबतीत मात्र आमचं एकमत आहे, आणि तिनं त्याबद्दल बोलताना आपल्या वर्गातल्या एका मुलाचा विषय काढला. ते तिचं आहे, इथं लिहीत नाही.